एमजीबीचा सिल आणि गंजावरचे तीन डबे: कशावर पैसे घालावेत, कशावर नाही

जुनी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघायला गेल्यावर गंज आहे का म्हणून विचारत बसू नये. तो असतोच. तो कुठे आहे आणि तिथवर हात पोचतो का, हे बघायचं. गंजावरचा कोणता डबा उपयोगी पडेल आणि कोणता नुसताच मनाचं समाधान करेल, हे त्यावरच ठरतं. खाली तीन प्रकारच्या मालाचा आढावा घेतला आहे: गंज 'बदलणारे' कन्व्हर्टर, गंजावर थेट लावायचं पीओआर-१५ आणि पोकळीत फवारायचं कॅव्हिटी वॅक्स. तिघांनाही कसोटी एकच लावली आहे, ती म्हणजे या गाडीचा सिल, म्हणजे दाराखालची लांब पोकळ पेटी.

सिलच निवडला याचं कारण गाडीच्या बांधणीत आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेल्या एमजीबीला वेगळी चासी नाही. सगळा भार पत्र्याच्या पेट्यांवर. रोडस्टर या उघड्या प्रकाराला तर पक्कं छप्परही नाही, त्यामुळे गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं काम मुख्यतः दाराखालचे दोन सिल आणि मधला गिअरबॉक्सचा बोगदा करतात. १९६५ मध्ये आलेल्या जीटीला, म्हणजे बंद प्रकाराला, छपराचा आधार मिळाला, तरी सिल तिथेही शोभेचा नाही. बाहेरून तो साधी आडवी पट्टी वाटतो. आत मात्र बाहेरचा सिल, मध्ये उभा पडदा, केबिनकडची भिंत आणि खालून पेटी बंद करणारा कॅसल रेल अशी रचना आहे. त्या मधल्या पडद्यामुळे एका सिलमध्ये दोन पोकळ्या तयार होतात. पुढे वॅक्सबद्दल बोलताना हे लागणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

पुढच्या चाकामागे, मडगार्डच्या आत, चिखल साठतो आणि दिवसेंदिवस ओला राहतो. सिलचं पुढचं टोक मडगार्डच्या खालच्या भागाआड लपलेलं असतं, आणि गंजाचं खाणं तिथूनच सुरू होतं. बाहेर रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पडदा बहुतेकदा चाळणी झालेला असतो. म्हणून बाहेरचा फोड घासून त्यावर काहीतरी फासणं हा उपाय नव्हे.

आधी तपासणी, मग डबा

डबा विकत घेण्याआधी एक लोहचुंबक, एक बोथट पेचकस, टॉर्च आणि जमलं तर बारीक नळीचा एंडोस्कोप कॅमेरा घ्या. चुंबकाला पातळ कापड गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत. मग सिलच्या खालच्या कडेने, मागच्या मडगार्डच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यातून आणि चाकांच्या कमानींवरून तो फिरवा. चुंबकाची पकड जिथे ढिली पडते तिथे पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर काम आणखी सोपं. मूळचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, पुन्हा रंगवलेला त्याच्या दुप्पट-तिप्पट भरतो, आणि आकडा हजाराच्या घरात गेला की रंगाखाली पुट्टी आहे असं धरून चाला.

सर्वांत जास्त फसगत होते ती सिलवर चढवलेल्या दुसऱ्या सिलमुळे. सडलेला सिल न कापता त्याच्यावरच नवा पत्रा टोपीसारखा बसवून वेल्ड करतात, वर रंग मारतात, आणि गाडी दिसायला ठणठणीत होते. ओळखायची खूण अशी: मूळ सिल दोन्ही टोकांना मडगार्डच्या आत शिरतो, वरून चढवलेला मात्र दिसणाऱ्या कडेपाशीच संपतो. तिथे वेल्डिंगची गाठ किंवा लांबीचा फुगवटा सापडतो. गाडीखाली शिरून सिलची तळाची शिवणही बघा. तिथे बाहेरचा सिल, पडदा आणि कॅसल रेल यांच्या कडा एकावर एक नीट दिसायला हव्यात. त्याऐवजी जाड, ओबडधोबड डांबरी लेप दिसला, तर तो कशासाठी फासला असेल हे सांगायला नको.

दाराच्या फटीही बघा. दार बंद असताना त्याच्या मागच्या कडेची फट वर बारीक आणि खाली रुंद दिसत असेल, तर गाडी मध्ये वाकली आहे. दार नुसतं बिजागरीत सैल असेल तर ते उघडून हाताने उचलल्यावर हलतं. तसं ते हलत नसेल आणि फट तरीही वाकडी असेल, तर दोष सिलमध्ये आहे. (खिडकीच्या पुढच्या छोट्या तिकोनी काचेखाली दाराच्या पत्र्याला उभी भेग दिसली तर तिचा गंजाशी संबंध नाही. पत्रा थकून पडणारी भेग आहे ती, आणि एमजीबीत ती नेहमीची.)

बाकीच्या जागा भराभर: सीटमागची बॅटरीची खोकी, मागच्या स्प्रिंगचे पुढचे हँगर, जॅक लावायची जागा, केबिनच्या तळाच्या कडा, डिकीच्या तळाच्या कडा. काचेखालच्या हवेच्या पेटीतलं पाणी नळीने खाली जातं. ती नळी तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरतं आणि पायाखालचे गालिचे कुजतात.

बोथट पेचकस दाबल्यावर पत्रा आत गेला, किंवा गंज पापुद्र्यांसारखा सुटून आला, तर डब्यांचा विषय तिथेच संपला. तिथे पत्रा कापून नवा घालावा लागतो. वरून लाल पण खाली टणक, खळगे पडलेले असले तरी जाडी शिल्लक, अशा जागेसाठीच पुढचं वाचा.

कन्व्हर्टर: गरजेपेक्षा जास्त नावाजलेला माल

हे दोन जातींचे मिळतात. एकात फॉस्फोरिक आम्ल असतं, ते गंजाचं लोह फॉस्फेट करतं. दुसऱ्यात टॅनिक आम्ल, त्याने निळसर काळं लोह टॅनेट तयार होतं. लावल्यावर लाल पृष्ठभाग काळा पडतो, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. रंग बदलला म्हणजे गंज मेला, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात द्रव जिथवर मुरला तिथवरच बदल झालेला असतो. गंजाचा थर जाड असेल तर वरची कातडी काळी आणि तिच्याखाली लाल गंज तसाच, आपलं काम करत बसलेला.

म्हणून कन्व्हर्टर लावायच्या आधी जे यंत्राने निघतं ते काढलंच पाहिजे. ग्राइंडरवरचा पिळाच्या तारांचा ब्रश, खळग्यांसाठी छोटा टोकदार ब्रश, शेवटी ८० नंबरचा पेपर. ब्रश एकाच जागी जोरात रेटला तर गंज निघायच्या ऐवजी चोळला जाऊन चकचकीत होतो. ती चकाकी म्हणजे स्वच्छ लोखंड नव्हे. मग ग्रीस आणि मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसायचं, आणि पुसायचं कापड दरवेळी बदलायचं.

टॅनिनवाल्यांपैकी फर्टान वापरायला सोपं आहे. किंचित ओलसर पृष्ठभागावर ते चालतं, २० अंशांच्या आसपास साधारण २४ तास ठेवायचं, आणि वर सुटलेली काळी भुकटी पाण्याने धुऊन काढायची. धुण्याचा हा टप्पा लोक गाळतात, मग वरचा रंग त्या भुकटीला धरतो आणि सालीसारखा सुटतो. फॉस्फोरिकवाल्यांचं दुखणं उलटं आहे. आम्ल शिवणीत, दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं, तिथून ते धुऊन निघत नाही, आणि काही महिन्यांनी वरच्या रंगाला फोड येतात. इपॉक्सी प्राइमर, म्हणजे रंगाआधी पत्र्यावर मारायचा अस्तराचा थर, त्याच्याखाली आम्लाचा अंश उरणं तर अजिबात चालत नाही. त्यामुळे सिलच्या तळाच्या शिवणीजवळ फॉस्फोरिक नकोच. उघड्या, सपाट, धुता येणाऱ्या जागी ते ठीक.

सिलच्या आत कन्व्हर्टर फवारण्याबद्दल: पैसे वाया. आतली धूळ, जुना चिखल, सुटलेले पापुद्रे यांच्यावर तो बसतो आणि पत्र्यापर्यंत पोचतच नाही. धुणं तर दूरच.

सुटे काढता येणारे भाग असतील, जसे बॅटरीची पट्टी किंवा कंस, तर कन्व्हर्टरपेक्षा सायट्रिक आम्लाचं पाणी सरस. लिटरला ५० ग्रॅम, रात्रभर बुडवून ठेवायचं, सकाळी ब्रश मारायचा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, गरम हवेने लगेच वाळवून त्याच दिवशी प्राइमर लावायचा. त्यात गंज बदलत नाही, निघूनच जातो. स्प्रिंगा आणि उच्च ताणाचे बोल्ट मात्र आम्लात टाकू नयेत, हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होतात.

कन्व्हर्टरला पाचापैकी दोन. दोष रसायनाचा फारसा नाही, त्याच्याकडून जी अपेक्षा ठेवली जाते तिचा आहे.

पीओआर-१५: तयारी केली तर दगड, नाही केली तर साल

हा रंग नव्हे, ओलाव्याने कडक होणारं युरेथेनचं आवरण आहे. वाळताना ते हवेतला दमटपणा शोषतं, म्हणून दमट दिवसांत लवकर कडक होतं. गंजलेल्या, खळगेदार, खरखरीत पत्र्याला ते असं धरतं की छिन्नी लावावी लागते. केबिनचा तळ, बॅटरीची खोकी, चाकांच्या कमानींची आतली बाजू, डिकीचा तळ या त्याच्या हक्काच्या जागा.

त्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी गुळगुळीत, स्वच्छ, नव्या पत्र्यावर लावल्याच्या असतात. तिथे त्याला धरायला काही सापडत नाही आणि ते कातडीसारखं अखंड सोलून येतं. नवा पत्रा असेल तर ८० नंबरने ओरबाडून, उत्पादकाच्याच फॉस्फेटच्या द्रावणाने खरखरीत करूनच लावावं. माझं मत विचाराल तर नव्या पत्र्याला ते लावूच नये, तिथे इपॉक्सी प्राइमर हवा.

क्रम असा. सुटा गंज काढायचा. ग्रीस काढणारं द्रावण लावून भरपूर पाण्याने धुवायचं. मग फॉस्फेटचं द्रावण लावून पंधरा-वीस मिनिटं पत्रा ओलाच ठेवायचा, वाळू लागला की पुन्हा मारायचं, आणि परत पाण्याने धुवायचं. वाळल्यावर वर करडी-पांढरी छटा दिसते, तसंच व्हायला हवं. यानंतर मात्र पत्रा पूर्ण कोरडा हवा. आवरण कडक व्हायला दमटपणा लागतो हे खरं, पण त्याच्या खाली पाणी अडकलं तर वायूचे बुडबुडे उठतात. हीट गन फिरवायची, शिवणींवर जास्त वेळ.

पहिला हात पातळ. ब्रशने ओढून लावायचा, थापायचा नाही. दुसऱ्या हाताची वेळ बोटाने ठरते: हातमोज्याचं बोट टेकवलं की किंचित ओढ जाणवावी, पण माल बोटाला लागू नये. हवामानाप्रमाणे याला साधारण दोन ते सहा तास लागतात. ही वेळ चुकून पहिला हात कडक झाला, तर दुसरा त्याला धरत नाही, आधी घासावं लागतं. एकच जाड हात मारून सुटका करून घ्यायची तर वर कडक, आत ओलं, मध्ये बुडबुडे असा मामला होतो.

उन्हात ते टिकत नाही. अतिनील किरणांनी फिकं, खडूसारखं होतं, म्हणून बाहेर दिसणाऱ्या भागावर वरचा रंग हवाच. तो रंग शेवटचा हात किंचित चिकट असताना मारावा, नाहीतर घासून मारावा.

दोन गोष्टी वापरणाऱ्याच्या जिवाच्या. यात आयसोसायनेट असतं, तेव्हा साधा कापडी मास्क पुरत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं फिल्टर असलेला श्वसनमास्क आणि मोकळी हवा हवी. फवाऱ्याने मारायचं तर बाहेरून हवा पुरवणाऱ्या यंत्रणेशिवाय विचारही नको. आणि त्वचेवर पडलं तर कडक होण्याआधीच थिनरच्या कापडाने पुसा. एकदा कडक झालं की कातडी झडेपर्यंत सोबत करतं.

डबा हाताळण्यातही जपावं लागतं. थेट डब्यात ब्रश बुडवू नका. लागेल तेवढं कपात काढा, उरलेलं परत ओतू नका, आणि झाकणाच्या खोबणीत थेंबही राहू देऊ नका. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवला तर डबा पुढच्या वेळी उघडतो. न ठेवल्यास डबा कापावाच लागतो. म्हणून एक मोठा डबा घेण्यापेक्षा छोटे चार परवडतात.

सिलच्या आत? ओतून गाडी हलवत आत पसरवण्याची युक्ती सांगणारे भेटतात. आतली तयारी करता येत नाही, त्यामुळे ते चिखलाला चिकटतं, आणि निचऱ्याच्या फटी कायमच्या बुजवतं. मग आत आलेलं पाणी बाहेरच पडत नाही. शिवाय पुढे कधी तिथे वेल्डिंग करायची वेळ आली तर जळणारं युरेथेन विषारी धूर सोडतं.

तळासाठी पाचापैकी चार, सिलच्या पोकळीसाठी शून्य.

मध्ये जे करावंच लागतं

सिल बदलायचा असेल तर त्याचे सगळे टप्पे हा वेगळा विषय आहे, पण डब्यांशी संबंध येतो तेवढं सांगतो. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरके वेल्ड करून ती जखडा. गाडीचा भार स्प्रिंगवर, म्हणजे चाकांवर उभी असताना असतो तसाच ठेवा. सिल कापलेल्या रोडस्टरला मध्येच जॅक लावला तर ती दुमडते आणि नंतर दार लागत नाही. मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापल्याशिवाय आणि पुढचं मडगार्ड काढल्याशिवाय सिलची टोकं दिसत नाहीत. एका वेळी एकच बाजू.

जोडताना दोन पत्रे एकमेकांना टेकतात तिथे जस्ताचा वेल्डिंगमधून चालणारा प्राइमर पातळ फवारा, कारण ती जागा नंतर कुठल्याच डब्याला सापडत नाही. वेल्डिंगचे टाके भरण्यासाठी वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं, अडीच-तीन सेंटिमीटर अंतरावर, आणि भोकातून दिसणारा प्राइमर ड्रिलच्या टोकाने खरवडून काढायचा. तो तसाच ठेवला तर ठिणग्या उडतात आणि टाका आत धरत नाही. साधारण १ मिमीच्या पत्र्याला ०.६ मिमीची वेल्डिंगची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण पुरतं. सलग ओढत जाऊ नका, उड्या मारत टाके घाला, नाहीतर पत्रा उष्णतेने लहरतो.

ब्रिटनमध्ये एमओटी ही गाड्यांची सक्तीची वार्षिक सुरक्षा तपासणी लागू असलेल्या गाडीला सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आतला सडलेला पत्रा चालत नाही, आणि तिथे ठिगळ लावलं तर त्याची कड सलग वेल्ड असावी लागते. तिथे पुट्टी, फायबर किंवा कुठलाही डबा ही दुरुस्ती मानली जात नाही. चाळीस वर्षं उलटलेल्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून या तपासणीतून सूट आहे. सिलला मात्र ती सूट माहीत नसते.

वेल्डिंग झालं की इपॉक्सी प्राइमर, त्यावर शिवणींना सीलर, मग रंग. आणि सगळ्यांत शेवटी वॅक्स. हा क्रम उलटा करू नका. वॅक्स पेट घेतं, आणि त्याचा अंश पत्र्यावर असला की रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात.

कॅव्हिटी वॅक्स: न दिसणारं काम, पण पैसे वसूल

सिलच्या आत उपयोगी पडणारा एकच डबा म्हणजे हा. वॅक्स गंज काढत नाही, बदलतही नाही. ते शिवणीत शिरतं, तिथलं पाणी बाजूला ढकलतं आणि हवा-पाण्याला अडवतं. पूर्ण कडक होत नसल्याने गाडी वळताना-पिळवटताना त्याला तडे जात नाहीत. इथे कडक आवरणांपेक्षा मऊ माल सरस ठरतो तो यामुळेच.

विकत घेताना नावापेक्षा नळी बघा. पुढे टोकाला चारी बाजूंना फवारणारं तोंड आणि किमान ६० सेंटिमीटरची लवचिक नळी हवी. नुसत्या बटणाच्या कॅनने भोकासमोरचा तळहाताएवढा भाग ओला होतो, बाकी सिल कोरडा. पातळ, शिरणारा प्रकार आधी आणि जाडसर प्रकार दुसऱ्या दिवशी, असे दोन हात सर्वांत चांगले. एकच घ्यायचा तर पातळ घ्या, कारण गंज शिवणीत असतो.

आतला भाग आधी धुऊन, दाबाच्या हवेने फुंकून, काही दिवस उबदार जागी वाळू द्या. कॅन किंवा डबा कोमट पाण्यात ठेवा. वॅक्सऑइलसारखा घट्ट माल थंडीत नळीतून निघतच नाही. केबिनच्या बाजूने, गालिच्याखाली, रबरी बूच बसेल असं साधारण १२ मिमीचं भोक पाडा. आणि पडदा विसरू नका. दोन पोकळ्या, दोन वेळा फवारणी. केबिनकडून मारलेलं वॅक्स पडद्याच्या आतल्या पोकळीतच राहतं. बाहेरची पोकळी नवा सिल बसवल्यानंतर वेगळ्या भोकातून भरावी लागते, आणि बहुतेक कामांत नेमकी तीच कोरडी राहते. एका बाजूच्या दोन्ही पोकळ्यांना मिळून ५०० मिलीचा एक भरलेला कॅन तरी धरा.

नळी टोकापर्यंत घाला आणि फवारत सावकाश मागे ओढा. तळाच्या शिवणीतून वॅक्स पाझरायला लागलं म्हणजे ते खालपर्यंत पोचलं. गाडीखाली पुठ्ठा टाका, रात्रभर ठिबकतं. दुसऱ्या दिवशी निचऱ्याच्या प्रत्येक फटीत तार घालून ती मोकळी करा. हे राहिलं तर सिल म्हणजे पाण्याची टाकी.

डांबरी अंडरसील वॅक्सला पर्याय म्हणून विकलं जातं. ते वाळतं, तडकतं आणि तड्यातून आत गेलेलं पाणी धरून ठेवतं. जुनं अंडरसील हीट गनने आणि खरवडणीने काढून टाकणं चांगलं. काढताना सिलचं खरं रूप दिसतं हा वरचा फायदा.

वॅक्सला साडेचार. अर्धा कापला तो नळ्यांसाठी: कॅनबरोबर येणाऱ्या बऱ्याच नळ्या जोडापाशी निसटतात आणि फवारा तोंडावर येतो. वेगळी चांगली नळी घ्या, कामानंतर लगेच थिनरने साफ करा. दोन-तीन वर्षांनी रबरी बूच काढून कॅमेरा आत घाला. पत्र्यावर तेलकट तकाकी असेल तर बूच परत लावा, कोरडा तपकिरी डाग दिसला तर तेवढ्या भागात पातळ वॅक्सचा आणखी एक हात मारा.